विरामचिन्हांचा विचार



गेल्या सत्राच्या परीक्षेंत इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासतांना एका विद्यार्थ्याचें पुढील वाक्य माझ्यासमोर आलें :— “पानिपतावर मराठ्यांची फौज लढली नाहीं, अन्न मिळालें तरी.” तें वाचून मी थबकलों. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतच्या रणभूमीवर मराठ्यांची उपाशी फौज प्राणपणानें लढली, ही गोष्ट आपल्याकडील लहान मुलेंही जाणतात. या विद्यार्थ्यानें तर अन्न मिळूनही फौज लढली नाहीं, असें लिहिलें होतें! त्या वाक्याचे गुण मीं दिले नाहींत.

दुसऱ्या दिवशीं तो विद्यार्थी उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आला व मान खालीं घालून म्हणाला, “सर, मला याच्या अगदीं उलट लिहावयाचें होतें. स्वल्पविराम एक शब्द अलीकडे पडावयास हवा होता.” असें म्हणून त्यानें तेंच वाक्य पुन्हां लिहून दाखविलें :— “पानिपतावर मराठ्यांची फौज लढली, नाहीं अन्न मिळालें तरी.” शब्द तेच, त्यांचा क्रम तोच, मात्र एक लहानशी खूण एका शब्दाच्या उजवीकडून डावीकडे गेली आणि पळपुटी ठरलेली फौज शूर ठरली.

“पण सर,” तो पुढें म्हणाला, “माझ्या मनांतला अर्थ आपल्याला कळलाच असेल ना?”

मी म्हणालों, “मला कळला, कारण पानिपतची हकीकत मला आधींपासून ठाऊक आहे. ज्याला ती ठाऊक नाहीं, त्यानें तुझ्या वाक्यावरून काय समजावें?”

तो निरुत्तर झाला. परंतु तो गेल्यावर माझ्या मनांत आलें कीं, दोष एकट्या त्याचाच नाहीं. व्याकरणाच्या तासाला विरामचिन्हांचा पाठ आम्ही शिक्षक एका दिवसांत उरकून टाकतों. जणूं तीं अक्षरांच्या कांठावरची नक्षीच होय. म्हणून या वर्षीं वार्षिकाच्या निमित्तानें त्यांचा विचार थोडा सविस्तर करावा, असें योजिलें आहे.

विरामचिन्हें कोठून आलीं?

विरामचिन्हें लिपीइतकीं जुनीं नाहींत. प्राचीन ग्रीक लोक शब्दाला शब्द चिकटवून लिहीत व वाचणारा मोठ्यानें वाचून अर्थ लावी. ख्रिस्तपूर्व २०० च्या सुमारास अलेक्झांड्रिया येथील विख्यात ग्रंथालयाचे प्रमुख अरिस्तोफानेस यांनीं वाचकानें कोठें किती थांबावें हें दाखविण्यासाठीं ओळींत निरनिराळ्या उंचीवर ठिपके देण्याची युक्ति काढिली. पुढें युरोपांत मुद्रणकला आल्यावर या खुणांना स्थिर रूप आलें. अर्धविराम हा आजच्या रूपांत प्रथम व्हेनिस येथील मुद्रक आल्दुस मानुतिउस यांनीं १४९६ च्या सुमारास छापलेल्या पुस्तकांत आढळतो, असें मानितात.

आपल्याकडे संस्कृत ग्रंथांत श्लोकाच्या अर्धांती एक दंड व शेवटीं दोन दंड, एवढ्यावर काम भागे. मोडी लेखनांत तर तेवढेंही नसे. आधीं आडवी रेघ ओढावयाची आणि तिच्याखालीं हात न उचलतां अक्षरें लिहीत जावयाचें. शब्द तोडण्याचाही परिपाठ नव्हता. दफ्तरांतील कारकुनाला व त्याच्या धन्याला मजकुराची सरावानें ओळख असे, म्हणून त्यांचें अडत नसे. पण तोच कागद आज अभ्यासकाच्या हातीं आला, म्हणजे वाक्य कोठें संपलें व नवें कोठें सुरू झालें हें ठरविण्यांत त्याची कसोटी लागते.

मराठी गद्यांत इंग्रजी धर्तीचीं विरामचिन्हें रूढ करण्याचें श्रेय मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांना देण्यांत येतें. मोल्सवर्थ यांच्याबरोबर कोशाच्या कामीं झटलेल्या या गृहस्थांनीं १८५० सालीं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ या नांवाचें पुस्तक लिहिलें. सारांश, ज्या खुणा आपण आज विचार न करितां वहींत देतों, त्यांना मराठींत येऊन दोन शतकेंही लोटलेलीं नाहींत. पाहुणे म्हणून आलेल्या या खुणांचा आपल्या भाषेच्या स्वभावाशीं कोठें मेळ बसतो व कोठें बसत नाहीं, हें समजून घेणें म्हणूनच अगत्याचें आहे.

पूर्णविराम व अर्धविराम

वाक्य पुरें झालें म्हणजे पूर्णविराम द्यावा, हा नियम सर्वांना पाठ असतो. चूक होते ती वाक्य कोठें पुरें झालें हें न कळल्यामुळें. पुष्कळ विद्यार्थी ‘व’, ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’ या शब्दांनीं वाक्यांची माळ लांबवीत जातात आणि पानाच्या तळाशीं एकच ठिपका देतात. असें लेखन म्हणजे थांबा नसलेली आगगाडी होय. उतारूला आपलें गांव कधीं गेलें हें समजतच नाहीं. एका वाक्यांत एक विधान मांडावें. दुसरें विधान पहिल्याशीं अगदीं निकटचें असून तें स्वतंत्र उभें राहूं शकत असेल, तर मध्यें अर्धविराम द्यावा. जसें :— “नदीला पूर आला होता; पलीकडे जाण्याचा विचार आम्हीं सोडून दिला.” येथें स्वल्पविराम अपुरा पडतो व पूर्णविराम दोघांचें नातें तोडतो.

संक्षेपानंतरही पूर्णविराम देतात, जसें ‘इ. स.’, ‘डॉ.’, ‘प्रा.’. मात्र पूर्ण लिहिलेल्या शब्दापुढें तो देऊं नये.

अप्रत्यक्ष प्रश्नाच्या शेवटीं प्रश्नचिन्ह येत नाहीं. “तो कां आला नाहीं?” हा प्रश्न आहे; पण “तो कां आला नाहीं, हें मला ठाऊक नाहीं.” हें विधान आहे. उद्गारचिन्हाविषयीं तर एवढेंच सांगतों कीं, शास्त्रीय निबंधांत त्याचें काम क्वचितच पडतें. आश्चर्य वाटावयाचें तें वाचकाला वाटूं द्यावें. लेखकानें त्याच्या खांद्याला धक्का देऊन “आश्चर्य कर” असें सांगूं नये.

स्वल्पविराम

सर्वांत लहान चिन्ह हेंच सर्वांत अवघड होय. मराठींत शब्दांचा क्रम लवचीक असल्यामुळें त्याची जबाबदारी अधिकच वाढते. “हेडमास्तर म्हणतात विद्यार्थी आळशी आहेत” हें वाक्य पाहा. “हेडमास्तर म्हणतात, ‘विद्यार्थी आळशी आहेत.’” असें लिहिलें, तर आळस विद्यार्थ्यांच्या माथीं बसतो. “‘हेडमास्तर,’ म्हणतात विद्यार्थी, ‘आळशी आहेत.’” असें लिहिलें, तर आदरार्थी बहुवचनाचा आधार घेऊन तोच आळस दुसऱ्याच दाराशीं जाऊन उभा राहतो!

पूर्वीं तारेंत शब्दाशब्दाला पैसे पडत. म्हणून लोक विरामाच्या खुणा गाळून मजकूर धाडीत. समजा, परगांवीं असलेल्या थोरल्या भावाला धाकट्यानें “आज निघूं नको थांबूं” एवढीच तार केली. “आज निघूं, नको थांबूं” असें वाचून थोरला बिछाना बांधील. “आज निघूं नको, थांबूं” असें वाचून तो बांधलेला सोडील. भारतांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. पण तारेची ती भाषा कांहीं गेली नाहीं. हातांतल्या दूरध्वनीवर आज आपण जे निरोप लिहितों, त्यांत पैशाची काटकसर नसूनही तोच घोटाळा रोज होतो. निरोपापुरता तो एक वेळ चालेल, कारण समोरचा मनुष्य लागलीच विचारून खुलासा करून घेतो. निबंधाच्या वाचकाला ती सोय नसते.

स्वल्पविराम कोठें द्यावा, याचीं मुख्य स्थळें अशीं :— संबोधनानंतर (“मुलांनो, इकडे लक्ष द्या.”), एकाच जातीचे अनेक शब्द लागोपाठ आल्यास त्यांच्यामध्यें (“आंबे, फणस, काजू व नारळ”), परंतु ‘व’ किंवा ‘आणि’ यांच्या आधीं नेहमींच्या यादींत तो देण्याची गरज नाहीं, ‘जो-तो’, ‘जर-तर’, ‘जेव्हां-तेव्हां’ अशा जोडीच्या वाक्यांत दोन अंगांमध्यें (“जो श्रम करितो, तो शिकतो.”), आणि दुसऱ्याचें बोलणें सुरू होण्यापूर्वीं. ‘कीं’ या अव्ययानंतर स्वल्पविराम देण्याचा परिपाठ जुन्या ग्रंथांत पुष्कळ दिसतो. आजचे कित्येक लेखक तो देत नाहींत. कोणतीही एक पद्धति घ्या, पण ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पाळा.

तो कोठें देऊं नये, हेंही सांगितलें पाहिजे. कर्ता लांब झाला म्हणून त्याच्या व क्रियापदाच्या मध्यें एकटा स्वल्पविराम घालणें ही मोठी चूक आहे. “आमच्या शाळेच्या मागील मैदानांत खेळणारीं मुलें, घरीं गेलीं.” यांतील खूण मुलांना घरीं जाऊं देत नाहीं. श्वास घ्यावासा वाटला म्हणून स्वल्पविराम देऊं नये. अर्थानें मागितला म्हणजेच द्यावा.

कधीं कधीं स्वल्पविरामानेंही संदेह फिटत नाहीं. “गोपाळ, माझा भाऊ व मी सहलीला गेलों.” येथें माणसें दोन कीं तीन? गोपाळ हाच भाऊ असेल, तर “माझा भाऊ गोपाळ व मी” असें लिहावें. तिघे असतील, तर “माझा भाऊ, गोपाळ व मी” असा क्रम घेऊनही शंका उरतेच, म्हणून “गोपाळ, मी व माझा भाऊ असे तिघे” असें स्पष्ट लिहावें. चिन्हाला जें साधत नाहीं, तें वाक्याची मांडणी बदलून साधावें.

अपूर्णविराम आणि विसर्ग

देवनागरींत लिहिणाऱ्यावर एक विशेष संकट आहे, तें इंग्रजी लिहिणाऱ्यावर नाहीं. अपूर्णविरामाचे दोन ठिपके व विसर्गाचे दोन ठिपके दिसण्यांत जवळ जवळ सारखेच असतात. ‘पुढीलप्रमाणे’ या शब्दाला अपूर्णविराम चिकटला, तर वाचणारा तो विसर्ग समजून अडखळतो. म्हणूनच आपल्या जुन्या मुद्रकांनीं ठिपक्यांपुढें आडवी रेघ जोडण्याची तोड काढिली. हातानें लिहितांना शब्दानंतर थोडी जागा सोडावी, किंवा ही जोडखूण वापरावी.

याच्या उलट चूक संगणकावर फार होते. विसर्गाची कळ न सांपडल्यामुळें विद्यार्थी ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘निःपक्षपाती’ या शब्दांत अपूर्णविराम टंकितात. कागदावर तें खपून जातें. परंतु संगणकाच्या लेखीं हीं दोन चिन्हें सर्वस्वीं भिन्न आहेत. असा शब्द शोधूं गेलें असतां तो मिळत नाहीं, आणि कधीं कधीं ओळीच्या शेवटीं तो मधोमध तुटतो. विसर्ग हा वर्णाचा भाग आहे, अपूर्णविराम ही थांबण्याची खूण आहे. हा भेद ध्यानीं ठेवावा.

संयोगचिन्ह

आतां ज्या चिन्हाची सर्वांत अधिक आबाळ होते, त्याकडे वळूं. संयोगचिन्ह म्हणजे दोन शब्दांना जोडणारी आंखूड रेघ. अपसारणचिन्ह म्हणजे वाक्यांतील विचार बाजूला सारणारी किंवा स्पष्टीकरण आणणारी लांब रेघ. पहिल्याच्या दोन्ही बाजूंना जागा सोडीत नाहींत, कारण त्याचें कामच जोडण्याचें आहे.

द्वंद्व समासांत दोन्ही पदें बरोबरीचीं असतां संयोगचिन्ह शोभतें, जसें ‘आई-वडील’, ‘स्त्री-पुरुष’, ‘ने-आण’. जे शब्द रूढीनें एकजीव झाले, त्यांत तें घालणें म्हणजे सांधलेलें हाड पुन्हां मोडणें होय. ‘हळूहळू’, ‘दररोज’, ‘घरदार’ हे शब्द जोडूनच लिहावे. तसेंच शब्दयोगी अव्यय शब्दापासून वेगळें काढूं नये व मध्यें रेघही घालूं नये. ‘झाडा खाली’ किंवा ‘झाडा-खाली’ असें नव्हे, ‘झाडाखालीं’. ‘त्या मुळें’ असें नव्हे, ‘त्यामुळें’. मागील शब्दाचें सामान्यरूप झालें, म्हणजे पुढला शब्द त्याला जोडावयाचाच, ही खूण पुरेशी आहे.

मराठीचें भाग्य असें कीं, विभक्तिप्रत्यय व सामान्यरूप यांमुळें संयोगचिन्हाचें बरेंच काम भाषा स्वतःच करिते. ‘जुना पुस्तकविक्रेता’ म्हटलें, कीं विक्रेता जुना आहे हें कळतें. ‘जुन्या पुस्तकांचा विक्रेता’ म्हटलें, कीं पुस्तकें जुनीं आहेत हें कळतें. परंतु शास्त्रीय लेखनांत आपण संस्कृत वळणाचे लांब समास करूं लागलों, म्हणजे ही मदत संपते. ‘लघु उद्योग संघ’ म्हणजे काय? लहान उद्योगांचा संघ, कीं उद्योगांचा लहान संघ? ‘लघुउद्योग-संघ’ लिहिलें, तर पहिला अर्थ. ‘लघु उद्योग-संघ’ लिहिलें, तर दुसरा. ‘प्राचीन कवि-चरित्र’ यांत चरित्र प्राचीन आहे. ‘प्राचीनकवि-चरित्र’ यांत कवि प्राचीन आहे. सांधा कोठें आहे हें दाखविणें, हेंच या चिन्हाचें खरें काम. तीन-चार पदांचा समास झाला आणि सांधा दाखविणें जड गेलें, तर समास फोडून साधे शब्द योजावे. त्यांत पांडित्याची हानि होत नाहीं.

हें चिन्ह दिशाही दाखवितें. मोल्सवर्थ यांचा १८३१ चा कोश मराठी-इंग्रजी आहे; मोल्सवर्थ व कँडी यांचा १८४७ चा कोश इंग्रजी-मराठी आहे. पहिल्यांत मराठी शब्द शोधावयाचा, दुसऱ्यांत इंग्रजी. केवळ ‘मराठी इंग्रजी कोश’ असें चिन्हावांचून लिहिलें, तर कोश एक कीं दोन, हाही प्रश्न उपस्थित होईल.

ओळ संपली व शब्द उरला, म्हणजे तो संयोगचिन्हानें तोडावा लागतो. तेथें दोन नियम पाळावे. जोडाक्षर फोडूं नये व काना-मात्रा-वेलांटी अक्षरापासून सोडवूं नये, हा पहिला. शब्द त्याच्या घटकांच्या सांध्यावर तोडावा, हा दुसरा. ‘नवरात्र’ हा शब्द ‘नव-रात्र’ असा तोडला, तर वाचक सुखानें पुढल्या ओळीवर जातो. ‘नवरा-त्र’ असा तोडला, तर सण बाजूला राहून क्षणभर भलताच गृहस्थ पुढें उभा राहतो.

अवतरणचिन्ह व लोपचिन्ह

येथवर अर्थाची गोष्ट झाली. यापुढील दोन चिन्हांत अर्थाबरोबर नीतीचाही प्रश्न आहे.

मी विद्यार्थी असतांना एकदां निबंधांत एका नामांकित ग्रंथकाराचीं चार वाक्यें घातलीं. तीं चोरावीं, असें माझ्या मनांत नव्हतें. तीं आवडलीं, पाठ झालीं आणि लेखणींतून उतरलीं, इतकेंच. आमच्या गुरुजींनीं निबंध वाचून मला जवळ बोलाविलें.

“अरे, हीं चार वाक्यें फार सुरेख आहेत,” ते म्हणाले. “तुझीं आहेत काय?”

“नाहीं, गुरुजी; पुस्तकांतलीं आहेत.”

“मग त्या बिचाऱ्याला निदान दोन अवतरणचिन्हें तरी दे. तीं फुकट मिळतात.”

वर्गांत हंशा पिकला. माझे कान तापले. त्या दिवसापासून दुसऱ्याचें एक वाक्य घेतलें, तरी माझी लेखणी आधीं चिन्ह देते व मग अक्षर. जें दुसऱ्याचें जसेंच्या तसें घेतलें, तें दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावें व तें कोणाचें हें सांगावें. अवतरणाच्या पोटांतील अवतरण, ग्रंथाचें नांव, किंवा ज्याची चर्चा चालली आहे असा एखादा शब्द एकेरी चिन्हांत ठेवावा. चिन्हांच्या आंत एक अक्षरही बदलूं नये. आपला खुलासा घालावयाचा असेल, तर तो चौकोनी कंसांत घालावा, म्हणजे तो आपला आहे हें स्पष्ट होईल. आशय घेऊन तो आपल्या शब्दांत सांगितला, तर अवतरणचिन्ह नको. मात्र मूळ लेखकाचें ऋण तेव्हांही मान्य केलें पाहिजे.

लोपचिन्ह, म्हणजे गाळलेल्या शब्दांच्या जागीं दिलेले तीन ठिपके, याविषयीं मराठी लेखकानें फारच जपलें पाहिजे. आपल्या भाषेंत क्रियापद शेवटीं येतें व नकारही बहुधा त्याच्याबरोबर शेवटीं येतो. एखाद्या परीक्षकानें “हा ग्रंथ उत्तम आहे, असें म्हणवत नाहीं.” असें लिहिलें, आणि जाहिरात करणाऱ्यानें “हा ग्रंथ उत्तम आहे...” एवढेंच उचललें, तर ठिपके देऊनही तें असत्यच होय. शेंपटी तोडली, कीं मराठी वाक्याचा जीवच जातो. म्हणून शब्द गाळतांना स्वतःला विचारावें :— मूळ लेखकानें हें पाहिलें, तर तो “होय, मीं असेंच म्हटलें” असें म्हणेल काय?

अंकांतील खुणा

शास्त्र व भूगोल या विषयांत अंक पुष्कळ येतात. आपल्याकडे उजवीकडून पहिल्या तीन अंकांनंतर व पुढें दर दोन अंकांनंतर स्वल्पविराम देतात, जसें १२,३४,५६७. पाश्चात्त्य पद्धतींत तो दर तीन अंकांनंतर येतो, जसें १,२३४,५६७. संख्या एकच, पण एका निबंधांत दोन्ही पद्धति मिसळल्या, तर वाचक लाख व दशलक्ष यांत गोंधळतो. काळाची मर्यादा दाखवितांना, जसें १८०४–१८७७, दोन्ही सालें पूर्ण लिहावीं व मध्यें रेघ द्यावी. मात्र ‘पासून’ शब्द वापरला, तर ‘पर्यंत’ हा शब्दच लिहावा. ‘१८०४ पासून–१८७७’ हें अर्धें मराठी व अर्धें खुणेचें लेखन बरें नव्हे.

लहान खूण, मोठी हानि

कोणी म्हणेल, एवढ्याशा रेघांचा व ठिपक्यांचा हा बाऊ कशाला? त्याला दोन गोष्टी सांगतों. अमेरिकेच्या १८७२ च्या जकातीच्या कायद्यांत जकात माफ असलेल्या मालाच्या यादींत लागवडीसाठीं आणावयाच्या फळझाडांचा उल्लेख होता. लिहितां लिहितां मध्यें स्वल्पविराम पडला, आणि ‘फळझाडें’ यांचीं ‘फळें, झाडें’ झालीं. व्यापाऱ्यांनीं फळांवरही माफी मागितली. १८७४ मध्यें ती चूक दुरुस्त होईपर्यंत सरकारला लक्षावधि डॉलरांवर पाणी सोडावें लागलें.

दुसरी गोष्ट २२ जुलै १९६२ ची. शुक्र ग्रहाकडे निघालेलें अमेरिकेचें ‘मरिनर १’ हें यान उड्डाणानंतर सुमारें पांच मिनिटांतच भरकटलें व तें नष्ट करावें लागलें. एक संयोगचिन्ह गळल्यामुळें हें घडलें, अशी बातमी जगभर झाली. वस्तुतः तें संयोगचिन्ह नव्हतें. मार्गदर्शनाच्या सूत्रांतील एका अक्षरावरची आडवी रेघ नक्कल करतांना सुटली होती. या गोष्टींत दुहेरी धडा आहे. एक रेघ सुटली, तर यान बुडतें. आणि ती रेघ कोणती होती हें नीट न तपासतां लिहिलें, तर चुकीचा इतिहास वर्षानुवर्षें चालतो.

आपल्याकडे ‘ध चा मा’ झाल्याची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला, त्या प्रसंगाशीं ती जोडली जाते. ती खरी असो वा नसो, लोकांनीं ती इतकीं वर्षें जपून ठेविली, याचें कारण एका अक्षराची किंमत काय असूं शकते हें त्यांना पटलें होतें. अक्षराची जी किंमत, तीच विरामाच्या खुणेची.

उपसंहार

आतां व्यवहाराच्या दोन सूचना करून हा लेख पुरा करितों. निबंध लिहून झाला, म्हणजे तो एक दिवस बाजूला ठेवावा व मग मोठ्यानें वाचावा. जेथें जीभ अडखळेल, तेथें बहुधा खूण चुकली आहे, किंवा वाक्यच चुकलें आहे. त्यानंतर तो अशा सोबत्याला वाचावयास द्यावा, ज्याला त्या विषयाची माहिती नाहीं. विषय जाणणारा वाचक आपल्या चुका मनांतल्या मनांत दुरुस्त करून घेतो व आपल्याला कांहीं सांगत नाहीं. न जाणणारा मात्र थांबून विचारतो, आणि त्याचा तो प्रश्नच आपला खरा गुरु होय.

ज्या विद्यार्थ्याच्या वाक्यावरून हा लेख सुचला, त्याचे गुण मीं वाढविले नाहींत. परंतु आठ दिवसांनीं तो पुन्हां माझ्याकडे आला. त्याच्या हातांत एक कागद होता व त्यावर एकच वाक्य लिहिलें होतें :— “अन्न मिळालें नाहीं, तरीही पानिपतावर मराठ्यांची फौज लढली.”

“सर,” तो म्हणाला, “आतां यांतला स्वल्पविराम कोणीं पुसून टाकला, तरी अर्थ बदलत नाहीं.”

मीं तें वाक्य दोनदां वाचलें. खुणांचें शास्त्र मीं त्याला शिकवावयास बसलों होतों. खुणेवांचूनही उभें राहील असें वाक्य कसें रचावें, हें त्यानें मला दाखविलें. विरामचिन्हें बिनचूक द्यावींच. पण आपलें वाक्य एकाच खुणेच्या आधारावर लोंबकळत ठेवूं नये. विरामचिन्ह हें वाक्याच्या घराला दार आहे. पायाचें काम मात्र शब्दांच्या नीट मांडणीनेंच होतें. हें ध्यानीं धरून तुम्हीं आपल्या पुढील निबंधाला हात घालावा, एवढीच विनंति.